गटाची वही, बँकेतली सही आणि 80 बाटल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत 12 जणींचा बचत गट आहे. 6 वर्षं झाली, महिन्याला प्रत्येकी 200 रुपये बचत. बँकेचं दीड लाखाचं कर्ज मिळालं ते सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं. गेल्या मे महिन्यात कोकम सरबताच्या 200 बाटल्या केल्या, 100 रुपयांना विकायला काढल्या, त्यातल्या 80 फसफसून परत आल्या. आणि आता अध्यक्षताई मुलाकडे मुंबईला राहायला चालल्यात. गटाचं सगळं त्याच बघायच्या. सचिव असलेल्या ताई विचारतात, "आता दुसरा कुठला व्यवसाय धरला तर गट टिकेल?"

ताई, व्यवसाय बदलल्याने हे सुटेल असं मला वाटत नाही. सरबत बिघडलं हा कृतीतला दोष, 100 रुपये भाव हा हिशोबातला दोष, दोन्ही सुधारता येतात. पण साखर किती घातली, भाव कोणी ठरवला, कुठल्या दुकानात किती माल उधार गेला हे 12 पैकी 11 जणींना ठाऊक नसेल, तर दोष वेळेवर पकडणार कोण? उद्या मसाला केलात तरी तेच होईल, फरक इतकाच की मसाला फसफसत नाही, त्याला जाळी लागते. म्हणून उत्तराचा क्रम मी उलटा धरते: आधी सही, मग वही, मग कर्ज, आणि त्यानंतर सरबत.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गट 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ग्रामसंघाला जोडलेला आहे की माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) केंद्राला, रातांबे म्हणजे कोकमाची फळं घरच्या झाडाची आहेत की विकत घ्यावे लागतात, वाडीपासून महामार्ग किंवा रेल्वे स्टेशन किती लांब आहे, आणि किती जणी रोज काजू फॅक्टरीत किंवा बागेत रोजावर जातात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, तिच्याकडे पुन्हा येते.

सही. हे काम अध्यक्षताई गाडीत बसायच्या आधी झालं पाहिजे. खात्यावर बहुधा अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सह्या चालतात, पण पासबुक, चेकबुक आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर हे सगळं एकीचंच असतं. ताई मुंबईला पोचल्यावर ओटीपीही तिकडेच जाणार. बैठक बोलवा, नव्या पदाधिकारी निवडा, इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहा: कोण उतरलं, कोण आलं, कोणाच्या सह्या चालतील, नंबर कोणाचा. हजर असलेल्या सगळ्यांची सही किंवा अंगठा घ्या. ठरावाची प्रत, अर्ज, नव्या पदाधिकाऱ्यांचे आधार आणि फोटो घेऊन जुन्या-नव्या सगळ्या एकत्र शाखेत जा. बचत खात्यासाठी बाराही जणींची कागदपत्रं मागितली तर नम्रपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. आणि यापुढे दर दोन वर्षांनी पदं फिरतील असाही ठराव त्याच बैठकीत करून टाका. नंतर करू म्हटलं की पद सोडणं हा मानापमानाचा विषय होतो. आज कोणी दुखावणार नाही, कारण ताई स्वतःच चालल्यात.

वही. पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पाचवं सूत्र म्हणताना मात्र सगळ्या एकीकडे बघतात. वही जिच्या घरी, तिच्या शब्दाला वजन, हे कुठल्याही वाडीत दिसेल. शिकलेली एकच आहे म्हणून लिहिणं तिच्याकडे राहू दे. मोजणं, वाचणं आणि ठेवणं तिच्याकडे नको.

बैठकीत हे असं बसवता येतं. पैसे चटईच्या मधोमध ठेवायचे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यातल्या एकीने नोटा मोजायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायचा. लिहिणारीने तो लिहायचा. तिसरीने प्रत्येकीच्या पासबुकातली नोंद वाचून दाखवायची: "मागची बाकी इतकी, आज इतके भरले, आता बाकी इतकी." चुकलं तर जिचं पासबुक ती तिथेच बोलते. दर बैठकीला मोजणारी आणि वाचणारी बदलायची. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. पाच-सहा महिन्यांत चार जणी अशा तयार होतात ज्या बँकेत काउंटरवर उभ्या राहून "आमची बाकी एवढी कशी?" विचारू शकतात. नेतृत्वाची शिबिरं वाईट नसतात, पण तिथून आणलेली फाइल कपाटात जाते. मोठ्याने आकडा सांगायची सवय अंगात राहते.

बैठकीची जागाही बघा. देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली की दर वेळी दोन-तीन जणी 'अडचण' आहे म्हणून येत नाहीत, आणि वहीत त्यांची गैरहजेरी लागते. अंगणवाडी किंवा कोणाचं खळं बरं. वेळ रोजावर जाणारीला विचारून ठरवा, घरी असणारीला विचारून नव्हे.

कर्ज. दीड लाख 12 जणींत वाटले म्हणजे प्रत्येकी 12,500. त्यात शेळीही नीट येत नाही आणि घराचं कौलही बदलून होत नाही. पैसा जिरतो आणि हप्ता उरतो. सारखं वाटणं न्याय्य दिसतं म्हणून सगळे गट तेच करतात. पण कर्ज गरजेप्रमाणे आणि फेडीच्या ताकदीप्रमाणे द्यायचं असतं. एकीला दवाखान्यासाठी 5 हजार, एकीला शिलाई मशीनसाठी 15, एकीला या वर्षी काहीच नको. दवाखाना, शाळेची फी यांसाठी दिलेलं कर्ज 'अनुत्पादक' म्हणून नाक मुरडू नका. ते गटाकडून मिळालं नाही तर ती बाई आठवड्याच्या वसुलीवाल्या फायनान्सकडे जाते. तसं एखादीचं बाहेर दोन-तीन ठिकाणी कर्ज चालू आहे का, हे गटाचं कर्ज देताना सगळ्यांसमोर विचारायचंच.

तुमची स्वतःची बचत मोजा. 12 जणी, 200 रुपये, 72 महिने, म्हणजे 1,72,800, आणि वर अंतर्गत कर्जाचं व्याज. हा पैसा बचत खात्यात पडून असेल तर आधी तोच फिरवा. बँकेकडे गेलात तर माहीत असू द्या: महिला गटाला 10 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, कर्जासाठी गटाची बचत अडकवून ठेवता येत नाही, आणि 'उमेद'मधल्या गटांना 3 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के आहे. गटाच्या निधीच्या पटीत कर्ज मिळतं, त्यामुळे तुम्ही दीड लाखापेक्षा पुष्कळ जास्तीला पात्र ठरू शकता. पात्र आहोत म्हणून घ्यायचं नाही.

मुदत कर्जापेक्षा कॅश क्रेडिटची मर्यादा मागा, म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तेव्हा उचलायचं आणि जमेल तेव्हा भरायचं. आपल्याकडचा पैसा बारा महिने सारखा येत नाही. साखर-बाटल्यांसाठी मार्चमध्ये उचलायचे, जूनपर्यंत भरून टाकायचे, व्याज वापरलेल्या दिवसांचंच. गटात कोणी मासे विकणारी असेल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा तिचा हप्ता अडणार हे ठरलेलंच आहे. त्या दोन महिन्यांत तिच्याकडून फक्त व्याज घ्यायचं आणि मुद्दल मे महिन्यात जास्त, असं आधीच लिहून ठेवलं तर ती 'थकबाकीदार' होत नाही.

सरबत. 200 पैकी 80च बाटल्या फसफसल्या, यातच कारण आहे. साखर सरसकट कमी पडली असती तर बहुतेक सगळ्या गेल्या असत्या. साखर आणि साल बरणीत मुरताना खाली दाट पाक बसतो आणि वर पातळ रस राहतो. न ढवळता वरून भरत गेलं की पहिल्या बाटल्या पातळ, शेवटच्या दाट. पातळ पाकात किण्व (यीस्ट) जगतं आणि बूच उडतं. दुसरा संशय ओल्या बाटल्यांवर. धुऊन उपड्या ठेवल्या तरी तळाशी थेंब राहतात, आणि तेवढ्या पाण्याने वरचा थर पातळ होतो.

कृती तुम्हाला येतेच, मी मापं सांगते. रातांबे पूर्ण पिकलेले, लाल-काळे, पाऊस पडायच्या आधीचे. धुऊन कापडावर पसरून पूर्ण कोरडे करून मगच फोडायचे. साल फळाच्या साधारण निम्मी भरते: 20 किलो रातांब्यांची 10 किलो साल. तिला साखर दुप्पट, 20 किलो. भांडं स्टीलचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमला आंबट रस खातो. थर देऊन, तोंडाला मलमलचं फडकं बांधून 7 दिवस, रोज कोरड्या लाकडी उलथन्याने तळापासून ढवळायचं. सातव्या दिवशी तळाला साखर दिसली तर आठवा, नववा दिवस थांबा. गाळल्यावर सगळा पाक एका पिंपात एकत्र करून नीट ढवळायचा आणि मगच बाटल्या भरायच्या. तुमचं बहुतेक इथेच चुकलंय.

भरण्याआधी ब्रिक्स, म्हणजे पाकातल्या साखरेचं प्रमाण, मोजा. 65च्या खाली असेल तर भरायचं नाही. 68 ते 70 आलं की निर्धास्त. ते मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर हजार-दीड हजारांत मिळतो, पण घेताना पट्टी बघा: दुकानात सहज मिळतो तो 0 ते 32चा असतो, तो रसासाठी. पाकाला 58 ते 90 किंवा 0 ते 80 पाहिजे. टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट घालणार असाल तर किलोला 0.6 ग्रॅमच्या आत, म्हणजे 22 किलो पाकाला 13 ग्रॅम. ते चिमटीने नव्हे, छोट्या डिजिटल काट्यावर मोजायचं, दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून पिंपात मिसळायचं आणि लेबलवर लिहायचं. साखर वाचवून बेंझोएट वाढवायचा मोह टाळा. आणि बिया फेकू नका. धुऊन वाळवल्या की कोकम तेलासाठी घेणारे असतात.

आता आणखी एक घोटाळा, जो वहीत दिसत नाही. 10 किलो साल आणि 20 किलो साखर यांतून गाळून 20 ते 22 किलो पाक निघतो. बाकीची साखर सालीतच राहते. पण बाटली लिटरमध्ये असते. हा पाक पाण्यापेक्षा जड, 700 मिलीच्या बाटलीत सव्वानऊशे ग्रॅमच्या वर बसतो. म्हणजे 22 किलोच्या फार तर 22-23 बाटल्या होतात. '22 किलो म्हणजे 30 बाटल्या' असा अंदाज धरून भाव ठरवला की तिथेच तोटा सुरू.

भाव. दर तुमच्या बाजारचे घाला; मी समजुतीसाठी धरते. रातांबे 20 किलो, 20 रुपयांनी 400. साखर 20 किलो, 44 रुपयांनी 880. बाटली-बूच 22 नग, 14 रुपयांनी 308. लेबल 4 रुपयांनी 88. गॅस, साबण, पाणी 60. एकूण 1,736. 22 बाटल्यांवर वाटले तर एक बाटली 79 रुपयांना पडली. 100ला विकली, 21 सुटले, सगळ्या खूश.

आता वेळ धरा. रातांबे फोडायला 6 तास, थर लावणं आणि रोजचं ढवळणं 2, बाटल्या धुणं, सुकवणं, लेबल 3, गाळणं-भरणं 3. एकूण 14 तास. तासाला 45 रुपये म्हणजे 630. बेरीज 2,366, बाटली एकशे साडेसातला. एखादी फुटते, एखादी चाखायला जाते. 21 विकल्या असं धरा, 113. म्हणजे 100 रुपयांना गेलेली प्रत्येक बाटली तुमच्या मजुरीतले 13 रुपये गिऱ्हाइकाला फुकट देत होती. दुकानदार 25 टक्के मागणार. छापील किंमत 160 ठेवली तर हातात 120 येतात, गटाला 7 रुपये उरतात. हे फार नाहीत, पण खरे आहेत. घरून किंवा गणपतीत चाकरमान्यांना थेट 150ला विकली तर 37. म्हणून दुकान हे नाव होण्यापुरतं आणि नफा थेट विक्रीत, असं मी धरेन. दुकानात उधार ठेवायचा माल एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका.

मजुरी धरायचं मुख्य कारण नफा-तोटा नाही. गटात जी सगळ्यांत गरीब, रोजावर जाणारी, तिला बिनपैशाचा एक दिवसही परवडत नाही. 'सगळ्यांनी मिळून फुकट काम करायचं, नफा शेवटी वाटायचा' या पद्धतीत ती दोनदा येते आणि मग यायची बंद होते. मग उरलेल्या म्हणतात, तिला आवडच नाही. तासाचे पैसे त्याच संध्याकाळी हातात दिले तर पहिली तीच येते. त्यासाठीची रोकड गटाच्या निधीतून आधी बाजूला काढा. तास लिहायला शिक्षण लागत नाही, भिंतीवर नावापुढे रेघा पुरतात.

बाराही जणींनी एकच धंदा केला पाहिजे असंही नाही. ज्यांना हौस आणि वेळ आहे अशा तीन-चार जणींनी सरबताची जबाबदारी घ्यावी, गटाने त्यांना कर्ज द्यावं, त्यांनी बाकीच्यांना तासावर काम द्यावं. फक्त खरेदी करणारी, विकणारी आणि लिहिणारी वेगवेगळ्या असाव्यात आणि हंगामागणिक बदलाव्यात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात. होडी वल्हवणं आणि पाहुण्यांना झाडं-पक्षी समजावून सांगणं ही दोन्ही कामं त्या स्वतः करतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम कोणा भाऊंकडे सोपवलं की बायका मजूर होतात. सरबताचंही तसंच आहे.

एप्रिल-मेचं कोकम संपलं की भातलावणी येते; जून-जुलैत कोणाला हाक मारू नका, कोणी येणार नाही. गणपतीला कुळथाचं पीठ, आंबोळीचं पीठ, मोदकाची पिठी आणि मालवणी मसाला जातो. मिरची मात्र उन्हाळ्यातच घेऊन, कडकडीत वाळवून दळून ठेवायची. पावसात दळलेल्या मसाल्याला ओल धरते. पीठ-मसाल्यात नफा थोडा, पण मागणी बारा महिने आणि बूच उडायची भीती नाही. मी असते तर पहिल्या वर्षी सरबताच्या 60-70 बाटल्याच केल्या असत्या.

अन्न विभागाची साधी नोंदणी करून घ्या. छोट्या उद्योगाला वर्षाला 100 रुपये फी आहे. तिच्याशिवाय दुकानदार माल ठेवायला कचरतो. लेबलवर घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, बॅच क्रमांक, पत्ता, नोंदणी क्रमांक हे सगळं हवं. बॅच क्रमांक लिहिला असता तर परत आलेल्या 80 बाटल्या कुठल्या पिंपातल्या हे कळलं असतं.

जागेचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण अडणार तिथेच. आपल्याकडे सातबारा सामाईक, त्यावर मुंबईतल्या चुलत्यांपासून पंधरा नावं. शेडसाठी बँक किंवा योजना संमतिपत्रं मागते आणि एकाची सही राहते. त्यामागे धावण्याऐवजी ग्रामपंचायतीची रिकामी खोली भाडेकराराने मागा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे ठराव करून घ्या: खोली आणि वाळवणाचा ओटा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले हे विचारायला पाच जणी एकत्र जा आणि उत्तर वहीत लिहून आणा. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण खुर्चीत बसणारी आणि बोलणारा वेगळे असतात. ज्या गटात मोजणं-वाचणं फिरतं त्या गटातली बाई निवडून गेली तर हिशोब स्वतः विचारते.

पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी करा: सहीचा ठराव आणि गेल्या वर्षीच्या 200 बाटल्यांचा हिशोब सगळ्यांसमोर मोठ्याने. रातांबे कितीला पडले, साखर किती किलो, तास किती, उधारी कोणाकडे अडकली, हे चार आकडे इथे लिहा. त्यावरून या वर्षी किती बाटल्या कराव्यात आणि कोणत्या भावाने, हे नेमकं सांगता येईल.